या, बसा, पान घ्या

ओर्पा : हलू नकोस ना गं आई! हनुवटी खाली. हं. आता फोनमध्ये बघ.

आई : ही कोण बाई?

ओर्पा : तूच आहेस.

आई : काहीतरीच! ही तर पिठाच्या पोत्यात पडून उठलीय. नाकाला बघ कसं टोक आलंय... अगोबाई! ओर्पा! मी गोरी झाले!

ओर्पा : फिल्टर आहे तो. ह्या फोनचा कॅमेरा आधी आपल्याला धुऊन काढतो, मग दाखवतो. थांब, बंद करते.

आई : राहू दे की. छप्पन्न वर्षांत कुणी गोरं म्हटलं नाही. फोन म्हणतोय तर म्हणू दे बिचाऱ्याला.

ओर्पा : आणि तिकडे सोएच्या डोंगरात आपल्यासारखीच एखादी पोर बघत बसली असेल, ती काय म्हणेल? ‘ह्या गोऱ्या आहेत, म्हणून ह्यांना कॉम्प्युटर जमला.’ जावात चार वर्षं मी हेच ऐकलं. ‘तुमच्या तिमोरात वीज आली का गं? केस सरळ करून घे, मग नोकरीचं बघू.’ नाही केले सरळ! मी काळी दिसणार, केस असे पिंजारलेले दिसणार, आणि प्रोग्रॅम लिहिताना दिसणार. एवढंच तर माझ्या व्हिडिओत असतं.

आई : बरं बरं, काढ. भाषण लोकांसाठी ठेव... हं. ही ओळखीची आहे. सुरकुत्या तेवढ्या झाकून ठेवल्या असत्यास तर काय बिघडलं असतं?

ओर्पा : आता नीट ऐक. चार वाजता लाइव्ह सुरू होणार. मी बोलणार, तू शेजारी बसणार. शेवटी तुझं एकच वाक्य. ‘माझी मुलगी शिकली, तुमचीही पाठवा.’ बस्स. पोरींना यायचं असतं, त्यांच्या आया सोडत नाहीत, म्हणून मुद्दाम तुला बसवतेय.

आई : एका वाक्यासाठी मला नवा झगा घालायला लावलास?

ओर्पा : आई, प्लीज. मजा नाही ही. पाच वाजेपर्यंत मला वीस नावं हवीत. अकरा झालीत.

आई : आणि वीस नाही झाली तर?

ओर्पा : दहादा सांगितलं. संस्थेने वीस लॅपटॉप ठेवलेत, चर्चने हॉल दिलाय, सहा महिन्यांचा वर्ग आहे, सगळं फुकट. पण वीस पोरी भरल्या नाहीत तर लॅपटॉप दुसऱ्या बेटावर जाणार. आणि मी सोमवारी जकार्ताच्या नोकरीला हो म्हणणार. कुणी शिकायलाच येत नसेल तर इथे राहून मी काय बकऱ्या मोजू?

आई : जा की. मी काय धरून ठेवलंय?

ओर्पा : काल रात्री मांडी घालून माझ्या बॅगेवर कोण बसलं होतं?

आई : पाय दुखत होते माझे. बरं, किती जण येणार म्हणालीस?

ओर्पा : चाळीस-पन्नास.

आई : पन्नास माणसं घरी येणार आणि डब्यात सुपाऱ्या सात! आत्ता सांगतेस?

ओर्पा : अगं, घरी नाही. फोनमध्ये येणार.

आई : त्यांना आपलं घर दिसणार का?

ओर्पा : दिसणार.

आई : आपण त्यांच्याशी बोलणार?

ओर्पा : बोलणार.

आई : मग घरीच आले. सरक, पानाचा डबा मध्ये ठेवू दे. हात तिच्या! चुना बघ, तळाला लागलाय. आणि तोही बाजारचा. जीभ पोळते नुसती.

ओर्पा : तो मांडीवर ठेव, पडद्यावर नको... अरे देवा! हे डुक्कर परत सुरू झालं. आई, शेजारच्या योसफिना मावशीला सांग ना बांधायला. सगळा आवाज आत येणार.

आई : मी? त्या घराशी? सहा वर्षं झाली, तिच्याशी मी ‘पाऊस पडतोय’ एवढंही बोललेले नाही. पडला तर दिसतोच दोघींना. तिच्या डुकराने माझा अख्खा रताळ्याचा वाफा खाल्ला तेव्हा—

ओर्पा : माहीत आहे, पाठ आहे. शेपटीपासून सोंडेपर्यंत.

आई : डुकराला सोंड नसते. एवढी शिकलीस!

ओर्पा : बरं, अजून एक. आपल्या वायफायवर आत्ता सात फोन दिसताहेत. घरात फोन दोन. रोज चार वाजता इंटरनेट रडत रडत चालतं ते ह्याचमुळे. पासवर्ड कुणाला दिलास?

आई : कुणाला म्हणजे? पाहुणा आला की पान द्यायचं, पाणी द्यायचं, पासवर्ड द्यायचा. दारातून तसंच पाठवू?

ओर्पा : पण ओरडून का देतेस?

आई : बर्तो दादा ठार बहिरा. त्याच्या कानात कुजबुजू का? वीसदा सांगितलं तेव्हा त्याचा लागला.

ओर्पा : आणि गल्लीतल्या चार जणांचाही लागला! चार वाजले. हस. जास्त नको. नमस्कार मैत्रिणींनो! मी ओर्पा, तिमोरातल्या कुपांगहून. शेजारी माझी आई, बास्तियाना. आज आपण तीन ओळींचा प्रोग्रॅम लिहिणार आहोत. हं, पहिलं कोण आलं... आलंच ते फूल!

आई : कसलं फूल?

ओर्पा : हे बघ. नाव नाही, फोटो नाही, नुसतं जास्वंदीचं फूल. माझा पहिला व्हिडिओ चार जणांनी पाहिला होता, त्यात हे होतं. तेव्हापासून रोज येतं, एक बदाम देतं, चकार शब्द लिहीत नाही.

आई : आणि तू आजपर्यंत विचारलं नाहीस, कोण म्हणून?

ओर्पा : असं विचारत नाहीत, आई. लोक नुसते बघतात.

आई : असं नसतं बाई. माणूस अंगणात येऊन उभं राहतं आणि आपण त्याला विचारत नाही? ये गं फुला! ये, बस, पान घे. कुणाची तू?

ओर्पा : आई!

आई : लाजतंय. राहू दे. ही दुसरी कोण आली? वाच. चष्मा नाही माझा.

ओर्पा : मेरियाम तुनुनाय. ए मेरियाम, स्वागत आहे! तर पहिल्या ओळीत आपण—

आई : तुनुनाय? सोएचे तुनुनाय का खालच्या ओढ्याकडचे? ये गं, बस, पान घे. आजोबांचं नाव काय तुझ्या?

ओर्पा : आई, असं एकेकाला विचारत बसलीस तर पाच इथेच वाजतील.

आई : लिहिलं का तिने?

ओर्पा : लिहिलंय... ‘आजोबा एलियासेर. ओढ्याकडचे.’

आई : एलियासेरची नात! अगं, तुझा आजोबा माझ्या बापाबरोबर लाकडं तोडायला जायचा. एकदा झाडावर चढला आणि उतरता येईना, खालून भात पाठवला त्याला दोरीने. विचार त्याला! काय करतेस तू? शाळा?

ओर्पा : ‘शाळा संपली मावशी. घरीच आहे. ताईंचे सगळे व्हिडिओ पाहिलेत. पण मला जमणार नाही.’

आई : जमणार नाही? जो आजोबा झाडावर बसून जेवला, त्याच्या नातीला काय जमणार नाही? घाल नाव! कुठे घालायचं गं ओर्पा?

ओर्पा : खाली फॉर्म आहे, तिथे दाबायचं. आई... बारा. बारा झाली! मेरियाम, तू बारावी!

आई : बघ. तू महिनाभर काय करत होतीस?

ओर्पा : मी... व्हिडिओ करत होते.

आई : व्हिडिओ करत होतीस, कुणाला बस म्हटलं नाहीस. पुढची?

ओर्पा : थांब, आधी मला शिकवू दे थोडं. हे बघा मैत्रिणींनो, मी पडद्यावर लिहितेय. पहिली ओळ, नाव विचार. दुसरी, ते लक्षात ठेव. तिसरी, स्वागत कर. खाली निळी ओळ आहे, ती दाबलीत की हाच प्रोग्रॅम तुमच्या फोनवर चालेल. मी इथे बदलला की तिथेही बदलेल. कॉम्प्युटर हुशार बिशार नसतो बरं का. तो मठ्ठ असतो, पण आज्ञाधारक. सांगितलं तेवढंच करतो.

आई : तुझ्या बाबांसारखा.

ओर्पा : बाबा बोटीवर आहेत म्हणून बरं! बघा, मी नाव टाकते, ‘बास्तियाना’. काय आलं? ‘नमस्कार बास्तियाना’.

आई : एवढंच?

ओर्पा : एवढंच म्हणजे? चाललं की!

आई : नमस्कार म्हणून गप्प बसला? बस म्हणाला नाही, पान दिलं नाही, कुठल्या गावची विचारलं नाही. कुणी वाढवलंय ह्याला?

ओर्पा : हसताहेत सगळे. ‘मावशींचं बरोबर आहे.’ ‘मावशी, त्याला शिकवा चार गोष्टी.’ आई, दोनशे जण झाले!

आई : दोनशे आणि सात सुपाऱ्या. देवा, लाज राख.

ओर्पा : बरं, ऐकते मी तुझं. बदलूया. पहिल्यांदा नाव. मग गाव. मग कुणाच्या घरची. आणि मग... ‘या, बसा, पान घ्या.’ झालं. चालवून बघा आपापल्या फोनवर!

आई : आता कसं माणसासारखं बोलला. लिहा गं पोरींनो, मला पण कळू द्या कोण कोण आलंय.

ओर्पा : आई, नावं नुसती धो धो येताहेत. रोटे बेटावरच्या दोघी बहिणी, मानाफे घरच्या. ‘आमच्याकडे एकच फोन आहे, दोघींनी नाव दिलं तर चालेल का?’ चालेल, चालेल! तेरा, चौदा! साबूची एक आहे, म्हणते, ‘मी अकरा महिने नुसती बघत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.’ अगं मग कालपर्यंत का नाही लिहिलंस बाई?

आई : कुणी विचारलं होतं?

ओर्पा : ...नव्हतं विचारलं.

आई : मग! पुढचं वाच. हे लाल अक्षरात काय आहे?

ओर्पा : ते सोड. काही नाही.

आई : तुझं तोंड उतरलं म्हणजे काहीतरी आहे. वाच.

ओर्पा : रोज एखादा येतो असा. लिहितोय, ‘दोघी कोळशाच्या भट्टीतून आल्या का? दिवा लावा, दिसत नाही काही.’ मी काढून टाकते त्याला.

आई : खबरदार काढलंस तर! पाहुणा आहे. ए बाळा. हो, तूच. ये, बस, पान घे. कुणाचा तू?

ओर्पा : गप्प झाला.

आई : आमच्या अंगणात येऊन बोललास, आता घराचं नाव सांग. इथे सगळ्यांनी सांगितलं. कुणाच्या पोटी एवढं गोरंगोमटं रत्न आलं ते आम्हालाही कळू दे!

ओर्पा : आई, केफाहून कुणीतरी लिहिलंय, ‘मावशी, हा आमच्या शेजारच्या मार्तेनचा पोरगा. हा आमच्याहून काळा आहे.’ हाहाहा! अगं त्याचा फोटोपण टाकला कुणीतरी!

आई : मार्तेन म्हणजे चर्चमध्ये ढोल वाजवतो तो? तुझ्या आईला मी ओळखते रे. लग्नात माझ्या पंगतीला होती.

ओर्पा : लिहितोय... ‘माफ करा मावशी. चूक झाली. आईला सांगू नका.’

आई : सांगत नाही. बहीण आहे का तुला?

ओर्पा : ‘आहे.’

आई : किती वर्षांची?

ओर्पा : ‘सतरा.’

आई : शिकायची हौस आहे का तिला? जा, विचारून ये. हो म्हणाली तर नाव घाल. मग तुझं पान तुला मिळेल. मी इथे थांबलेय.

ओर्पा : गेला खरंच... आला! आई, पंधरा! पंधरावी मार्तेनची लेक! मला हसू आवरत नाहीये. त्याने लिहिलंय, ‘तिने माझ्या हातातून फोनच घेतला.’

आई : हां. आता दिसतंय का म्हणावं, की दिवा लावू?

ओर्पा : चार पस्तीस. पंधरा. साबूवालीचं आलं, सोळा. अतांबुआची सतरा. आई, अकराशे जण बघताहेत! मला घाम फुटलाय. बोलू काय मी?

आई : शिकव की. शिकवायला बसलीस ना?

ओर्पा : हो, हो. तर मैत्रिणींनो, आता प्रोग्रॅममधली सगळ्यात मोठी गंमत. जर आणि तर. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. उदाहरणार्थ, जर... अरे देवा, परत डुक्कर! ऐकलंत ना सगळ्यांनी? शेजारचं आहे.

आई : घाल तेच.

ओर्पा : काय?

आई : जर-तर म्हणतेस ना? घाल. जर योसफिनाच्या घरचं कुणी असेल तर दार बंद. पान नाही.

ओर्पा : आई, अकराशे लोक!

आई : अकराशे काय, अकरा लाख असोत. माझा रताळ्याचा वाफा! लोकांनो, तुम्हीच सांगा, एक रताळं शिल्लक नाही हो ठेवलं.

ओर्पा : सगळे ‘घाला घाला’ म्हणताहेत. किती दुष्ट आहात! बरं, गंमत म्हणून. उदाहरण आहे हं नुसतं. जर घर योसफिनाचं असेल... तर लिही ‘दार बंद’. नाहीतर ‘या, बसा, पान घ्या’. बघा, ही झाली अट. घरात शिरताना एकेकाला तपासणारी.

आई : छान. हे मला आवडलं. माझ्यासारखं डोकं आहे त्याला.

ओर्पा : अलोरची एक म्हणते, ‘मला आजच जर-तर कळलं, दोन वर्षं पुस्तकातून कळत नव्हतं.’ नाव दिलं तिने. अठरा! आणि ही कोण... तारूसची. ‘माझी आई शेजारी बसून बघतेय. ती म्हणते, बास्तियाना मावशी हॉलवर असणार असतील तर पाठवते.’

आई : असणार म्हणजे? दारातच बसणार डबा घेऊन. पाठव म्हणावं, पोर जाईल तशी परत येईल, थोडी शहाणी होऊन.

ओर्पा : एकोणीस! आई, एकोणीस! एक! एकच राहिली! चार एक्कावन्न!

आई : उड्या मारू नकोस, फोन पडेल. लोकांनो, एकच जागा उरलीय. लाजणाऱ्या कोण आहेत? ए फुला, आहेस का अजून?

ओर्पा : आहे. आहे! आई, फूल लिहितंय! तीन ठिपके हलताहेत. पहिल्यांदाच! थांब... ‘ताई, माझ्या फोनवर वेगळंच येतंय.’

आई : काय येतंय?

ओर्पा : काहीतरी बिघाड असेल. काय येतंय गं? सांग, आत्ता दुरुस्त करते. लिहितेय... ‘दार बंद.’

आई : दार बंद?

ओर्पा : नाही नाही, तसं कसं येईल? ते तर नुसतं उदाहरण... नीट टाकलंस ना घराचं नाव? तू काय टाकलंस?

आई : ओर्पा. थांब.

ओर्पा : ‘जे खरं आहे तेच टाकलं, ताई.’

आई : देल्सी.

ओर्पा : कोण?

आई : योसफिनाची देल्सी. त्यांच्याच दारात आहे जास्वंद. दुसऱ्या कुणाकडे आहे ह्या गल्लीत? चार वाजता कुंपणाला टेकून बसते. मला वाटायचं सावलीला बसते.

ओर्पा : सावलीला नाही, वायफायला! तू बर्तो दादाला ओरडून सांगितलास ना पासवर्ड... आई, ती पहिल्या दिवसापासून बघतेय! चौघांतली एक!

आई : आणि मी तिला जगासमोर दार बंद म्हटलं.

ओर्पा : तिने अजून लिहिलंय. ‘फॉर्म भरलाय. पाठवत नाही. मावशींना नको असेल तर नको.’ आई, चार त्रेपन्न. मी काहीच म्हणत नाहीये.

आई : डुकराचं नव्हतं गं.

ओर्पा : काय?

आई : रताळी परत लावता येतात. लावली मी. तू जावाला निघालीस ना, त्या सकाळी मी योसफिनाकडे पान घेऊन गेले होते, माझी पोर कॉम्प्युटर शिकायला चालली म्हणून सांगायला. ती म्हणाली, ‘कोळशासारख्या पोरींना कोण कॉम्प्युटरसमोर बसवतंय? शेवटी चूलच.’ जशी काही स्वतः दुधात न्हाऊन आलीय! पण मला ते लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला पण तसंच वाटत होतं. भीती वाटत होती ना. ती मोठ्याने बोलली, म्हणून तिचा राग आला. दुसऱ्याच दिवशी डुकराने वाफा खाल्ला. बरंच झालं मला, सांगायला कारण मिळालं.

ओर्पा : आई... हे तू मला कधीच...

आई : तुला काय सांगायचं? आता रडू नकोस, बाराशे माणसं बघताहेत. ती ओळ पूस.

ओर्पा : तू घालायला लावलीस. तूच पूस.

आई : मला येतं का ते?

ओर्पा : ये इकडे. बोट दे. हे बटण. दाबून धर.

आई : हे? जातंय का? हो, जातंय! ‘दार बंद’ गेलं. योसफिना गेली. बघ कशी भराभर...

ओर्पा : बास, बास! आई, सोड! बोट उचल! अगं, नाव विचारायची ओळ गेली! गावाची गेली! कुणाच्या घरची, तीही गेली! काय केलंस!

आई : सगळं गेलं?

ओर्पा : एकच ओळ उरलीय. ‘या, बसा, पान घ्या.’ आता कुणीही आलं तरी तो काही विचारणारच नाही, सरळ पान देणार. चार छप्पन्न! थांब, मी पटापट परत लिहिते...

आई : नको लिहूस. राहू दे तसंच. देल्सी! ए देल्सी! फोनमध्ये कशाला, तशीच ऐक, आवाज पोचतो माझा कुंपणापलीकडे! आता चालवून बघ परत!

ओर्पा : लिहितेय... नाही लिहीत... आई, काहीच येत नाहीये. चार सत्तावन्न. इंटरनेट रडतंय. सातच्या सात फोन चालू आहेत आपल्या वायफायवर!

आई : बर्तो दादा! बंद कर तुझा फोन! बंद! कुणीतरी हलवा त्या बहिऱ्याला!

ओर्पा : अठ्ठावन्न... आला! आई, फॉर्म आला! देल्सी! वीस! वीस झाल्या! आई, वीस! वीस!

आई : ओरडू नकोस गं, कान फुटला माझा... वीस! ऐकलंत का हो! वीस! आता जा म्हणावं जकार्ताला कुणाला जायचं ते! आण ती बॅग इकडे, त्यात मी बटाटे भरणार आहे!

ओर्पा : मैत्रिणींनो, सोमवारी सकाळी आठला, चर्चच्या हॉलमध्ये. आई, तुझं वाक्य राहिलं. बोल.

आई : कुठलं?

ओर्पा : ‘माझी मुलगी शिकली...’

आई : ते त्यांना दिसतंय की. येताना भूक लावून या गं सगळ्याजणी, मी केळी तळणार आहे.

(लाइव्ह बंद झाल्यावर. कुंपणाच्या फटीतून जास्वंदीची फांदी बाजूला होते.)

देल्सी : मावशी...

आई : अगोबाई, किती वाढलीस! फोनमध्ये फूल आणि इकडे केवढा बांबू. काय गं, आत का येत नाहीस?

देल्सी : आईपण बघत होती. पहिल्या व्हिडिओपासून. फोन तिचाच आहे. ओर्पाताई बोलायला लागली की ती डुकराला ओरडते, गप्प बस, तिचं चाललंय म्हणून. म्हणून तर ते जास्तच ओरडतं.

ओर्पा : अरे देवा.

देल्सी : फॉर्म पण तिनेच पाठवला. मी दाबू की नको करत होते. मावशी, ती इथे मागेच उभी आहे. विचारतेय, तिने यावं का?

आई : शेवटी फोनवर काय आलं म्हणावं?

देल्सी : ‘या, बसा, पान घ्या.’

आई : मग विचारते कशाला? म्हणावं, येताना तेवढा घरचा चुना आण. बाजारच्या चुन्याने सहा वर्षं तोंड पोळलंय माझं.